रॉकेट बघायला निघालेली सोसायटी

सुग्रीव सरांचं डोकं सटकलं ते बिस्किटांच्या डब्यावरून. बस चौसाळ्याच्या फाट्यावरून निघून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच मोहनरावांचा माणूस सोमनाथ पत्र्याचा मोठा डबा घेऊन सीटांमधून फिरायला लागला. बिस्किटं वाटतोय असं समजून सरांनी हात पुढे केला, तर सोमनाथने डबाच पुढे केला. आत सहा मोबाईल होते.

“टाका सर, तुमचा बी.”

“कावून?”

“मोहनरावांची आर्डर हाय. सोमवारी मतदान झालं की ज्याचा त्याला वापस.”

“कशाचं मतदान? ही विज्ञान सहल हाय ना?”

मागून खुसखुस ऐकू आली. सरांनी वळून पाहिलं. फाट्यावर सहा माणसं तोंडाला उपरणी गुंडाळून चढली होती. ऊन लागत असेल, असं सरांना वाटलं होतं. आता उपरणी सुटली होती आणि खालून गावच्या सेवा सोसायटीचे सहा संचालक बाहेर आले होते. सहाच्या सहा मोहनरावांचे. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोसायटीत संचालक तेरा. सहा मोहनरावांच्या पॅनलचे, सहा विजयसिंहांच्या पॅनलचे आणि तेरावे सुग्रीव सर. सर बिनविरोध निवडून आले, कारण दोन्हीकडच्यांना ते आपलेच वाटत होते. निवडून आल्यावर सरांनी सांगून टाकलं की ते कुणाचेच नाहीत, आणि तेव्हापासून गावात त्यांच्याएवढा भाव कुणालाच नव्हता. सोमवारी अकरा वाजता चेअरमनची निवड होती. अशा वेळी आपली माणसं फुटू नयेत म्हणून मतदानापर्यंत त्यांना कुठंतरी लांब नेऊन ठेवायचं, ही आपल्याकडची रीतच. पण ती रीत आपल्यालाही लागू होईल, हे चौतीस वर्षं पोरांना तर्कशुद्ध विचार शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. म्हणून सरांना मोहनरावांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.

येणार तरी कसं? मोहनराव घरी येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, “सर, तुमची लई दिवसाची इच्छा ऐकलीया. थुंबा का काय ते. जिथून भारताचं पहिलं रॉकेट उडालं. जाऊन येऊ की आपुन.”

“मत मागायचं असंल तर आत्ताच उठा,” सर म्हणाले होते.

“मत कोन मागतंय? ईज्ञान सहल हाय ही. वाटेत मिसाईलचं म्युझियम बी हाय.”

झालं, सर विरघळले. कारण त्यांच्या स्वच्छ आयुष्यात एक खोट होती आणि ती त्या थुंब्याचीच होती. सातवीच्या दर वर्गाला ते ही गोष्ट सांगायचे. केरळातलं समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव, तिथलं चर्च बिशपनी शास्त्रज्ञांना देऊन टाकलेलं, आणि रॉकेटचं टोक चक्क सायकलच्या कॅरियरला बांधून नेलेलं. एका वर्षी एका पोराने उठून विचारलं, “तुमी पाह्यलंय का सर?” आणि सर बोलून गेले, “पाहिलंय तर! हात लावलाय.” एकदा बोलले ते बोलले. मग पुढच्या प्रत्येक वर्गाला हात लावल्याचं सांगावं लागलं. आता नात सायली सातवीत होती. तिच्या शाळेने महिनाअखेर सरांना भाषणाला बोलावलं होतं, आणि आमच्या आजोबांनी पाह्यलंय हे ती वर्गभर सांगून बसली होती. महिनाअखेरच्या आत त्या जागेवर उभं राहायचं, रजिस्टरात नाव लिहायचं, फोटो काढायचा आणि खोट्याचं खरं करून टाकायचं, एवढंच सरांना पाहिजे होतं.

“बस थांबव!” सर ओरडले.

“थांबवतो की,” सोमनाथ शांतपणे म्हणाला. “पर मंग थुंबा ऱ्हाईल.”

सरांनी दात-ओठ खाल्ले आणि मोबाईल डब्यात टाकला.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण मोहनरावांनी आणखी एक बंदोबस्त केला होता. निघण्याआधी सहाही जणांनी देवळात बेलभंडारा उचलला होता. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली होती की सोमवारपर्यंत कुणीही विचारलं, अगदी कुणीही, तरी नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, कुठं कागदावर लिहायचं नाही आणि फोटो काढायचा नाही. विजयसिंहांची माणसं गोव्यापासून तिरुपतीपर्यंत शोध घेत होती. रॉकेट बघायला कुणी जाईल हे त्यांच्या बापालाही सुचलं नसतं, आणि मोहनराव त्या हुशारीवर भलतेच खूश होते. सोमनाथने बेलाचं पान सरांपुढेही धरलं.

“मी विज्ञानाचा शिक्षक आहे!” सर कडाडले. “पाला हातात घेऊन मी शपथा घेत नसतो!”

“राहू द्या मंग. तुमच्यावर मी ध्यान ठेवतो.”

मिसाईलचं म्युझियम एका मोठ्या शहरात होतं. बस तिथं गुरुवारी पोचली. सर पहाटेपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. दारावर पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं आणि नोंदवही पुढे केली. सर खिशातून आधार कार्ड काढणार, एवढ्यात सोमनाथने त्यांचा दंड धरला आणि पहारेकऱ्याला सांगितलं की सगळ्यांची कार्डं बसमध्ये राहिली, आत्ता आणतो. सगळे बसमध्ये चढले आणि बस चालू झाली.

“अरे, मिसाईल!” सर खिडकीतून अर्धे बाहेर आले.

“नाव लिवायला लागतंय तितं. नाव लिवलं का बोंब झाली.”

“माझं नाव मी लिहीन! मी कुठं शपथ घेतलीय?”

“तुमचं नाव दिसलं का आमी बी संगट हाय हे कळंल न्हाई का सर? जरा समजून घ्या.”

भिंतीवरून सरांना मिसाईलचं लाल टोक तेवढं दिसलं. त्यांच्या शेजारी राम बसला होता. हा संचालकांतला सगळ्यात गरीब स्वभावाचा. त्याने समजूत काढायला म्हणून म्हटलं, “सर, वरून तसंच ऱ्हातंय. ते टोक पाह्यलं ना, खाली नुसता पाइपच असतोय.” यावर सर त्याला जे बोलले ते चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला बोलले नव्हते. त्यानंतर ते दोन दिवस कुणाशीच बोलले नाहीत. जेवायला उतरले की दुसऱ्या टेबलावर बसायचे आणि भाताकडेसुद्धा रागाने बघायचे.

शनिवारी सकाळी थुंबा आलं. समुद्राचा वारा, नारळाची झाडं आणि ते पांढरं चर्च, आता म्युझियम झालेलं. सरांचे डोळे भरून आले. राग क्षणभर कुठल्या कुठे गेला. मग त्यांना दारावरचं टेबल दिसलं, टेबलावरची नोंदवही दिसली आणि त्यांच्याआधी तिथं पोचलेला सोमनाथ दिसला.

“सर, बाहेरूनच पाहू. लई भारी दिसतंय.”

“बाजूला हो.”

“सर, आयका माजं.”

“बाजूला हो बे!”

सर बे म्हणाले. संचालकांनी एकमेकांकडे बघितलं. सरांनी सोमनाथला कोपराने ढकललं, पेन उचललं आणि फळ्यावर लिहायचे तशा टपोऱ्या अक्षरात लिहायला सुरुवात केली. सुग्रीव. पुढे वडिलांचं नाव. मग गावाचं नाव. तालुका बीड, जिल्हा बीड.

शेवटचं टिंब पडायच्या आत सोमनाथने झडप घातली. टर्रकन पान फाडलं. पहारेकरी उठला. आता हे पान ठेवायचं कुठं? खिशात ठेवलं तर झडती होईल, फेकलं तर सापडेल. सोमनाथला मोहनरावांचा चेहरा आठवला, आणि त्याने त्या पानाचा बोळा करून तोंडात घातला, दोनदा चावला आणि गिळला.

पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली.

आता तुम्हीच सांगा, त्या पहारेकऱ्याचं काय चुकलं? रॉकेटच्या दारात आठ माणसं. एकाच्याही खिशात मोबाईल नाही. दाढ्या वाढलेल्या, डोळे तांबरलेले. त्यातल्या एकाने सरकारी नोंदवहीचं पान सगळ्यांदेखत खाल्लं. दहाव्या मिनिटाला सगळे एका खोलीत बाकावर बसले होते आणि समोर सुरक्षा अधिकारी होता. तो तुटक्या हिंदीत बोलत होता आणि सरांचं हिंदी शालेय होतं, तरी एकमेकांचं एकमेकांना चांगलं कळत होतं.

“नाव?” अधिकाऱ्याने पहिल्या संचालकाला विचारलं.

पहिल्या संचालकाने छताकडे बघितलं. दुसऱ्याने डोळे मिटले. तिसरा खाकरला, पण बोलला नाही. रामने दोन्ही हात जोडले, एक बोट आकाशाकडे दाखवलं, मग गळ्याला चिमटा काढून मान हलवली. देवाची शपथ आहे, असं त्याला म्हणायचं होतं. अधिकाऱ्याने त्यातून काय घेतलं कोण जाणे, पण त्याने फोन उचलून आणखी दोन माणसं बोलावली. सोमनाथला बोलताच येत नव्हतं. कागद अजून घशात होता.

“मी सांगतो!” सर उठून उभे राहिले. “मी कुठलीही शपथ घेतलेली नाही. सगळं सांगतो. ही माणसं लपून बसलीत.”

“कुणापासून?”

“विजयसिंहांपासून.”

“हा विजयसिंह कोण? कुठल्या संघटनेचा?”

“संघटना नाही, पॅनल आहे त्यांचं.”

अधिकाऱ्याने पॅनल असं लिहून घेतलं. “आणि तुमचा म्होरक्या?”

“माझा कुणी नाही. यांचे मोहनराव.”

“मोहनरावाची माणसं किती?”

“सहा. विजयसिंहांची सहा. मी तेरावा.”

“आणि हा कागद खाणारा?”

“तो मतदार नाही. तो नुसता पहारा करतो.”

“उद्देश काय तुमच्या लोकांचा?”

“सोसायटी ताब्यात घेणं,” सर म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की हे ऐकायला बरं वाटत नाही.

रामच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो सरांच्या कानाशी वाकला. “सर, नगा ना बोलू. आमी बेल उचललाय.”

“तू बेलच उचल!” सर भडकले. “चौतीस वर्षं वाट पाह्यली मी या दाराची! चौतीस! आन् दारात आणून मला चोर केलं तुमी!”

मग फोटो काढायचे ठरले. खोलीत उजेड कमी होता, म्हणून एकेकाला बाहेर अंगणात उभ्या केलेल्या जुन्या रॉकेटखाली नेलं. शपथेत फोटोचंही कलम होतं, म्हणून संचालकांनी डोळे मिटून घेतले. फोटो निघतोय हे आपल्याला दिसलंच नाही, असा त्यांचा हिशेब. सर तेवढे डोळे वटारून, छाती काढून उभे राहिले. ते फोटो बीडकडे गेले. आपल्या हद्दीतल्या ठाण्याने ते गावच्या पोलीस पाटील वच्छलाबाईंना पाठवले. वच्छलाबाई कामाला पक्क्या. एकटीच्या सांगण्यावर कशाला, चार लोकांनी ओळखलेलं बरं, म्हणून त्यांनी ते आठही फोटो गावच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘यांना कोणी ओळखते का? थुंबा येथे सापडले आहेत.’

दहा मिनिटांत सगळ्या गावाने ओळखलं. विजयसिंहांनी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

पण बीडकडून ठाण्याचा अधिकृत कागद यायला संध्याकाळचे सहा वाजले. अधिकाऱ्याने सगळ्यांना चहा दिला. सोमनाथला दोन केळीही दिली, कागद खाली उतरावा म्हणून. मग सरांजवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, म्युझियम बंद झालं. उद्या सकाळी या, मी स्वतः फिरवून दाखवतो. फक्त नाव लिहा.”

“थांबू एक रात!” सरांनी बसमध्ये सगळ्यांपुढे अक्षरशः हात पसरले. “एकच! गावाला आता सगळं कळलंय. लपायचं काय राहिलंय?”

“लपायचं ऱ्हाऊ द्या सर, पोचायचं हाय,” सोमनाथ बसलेल्या घशाने म्हणाला. “दुपारी निघालो असतो तर सोमवारी सकाळी आठला चौसाळ्यात असतो. आता कसं व्हतंय देवालाच ठावं.”

मत घेतलं. थांबायला एक, निघायला सहा. सरांनी आयुष्यात लोकशाहीला पहिल्यांदा शिव्या दिल्या, आणि त्या जवळजवळ हजार मैल पुरल्या.

सोमवारी दुपारी दोनला बस गावात शिरली. सोसायटीच्या ऑफिससमोर विजयसिंह विड्याची पानं लावत बसले होते आणि त्यांचे सहा जण नवे कपडे घालून पेंगत होते. तेरापैकी सहाच हजर, म्हणून गणपूर्ती झाली नव्हती. निवड घ्यायला आलेले अध्यासी अधिकारी बारा वाजताच सभा तहकूब करून निघून गेले होते. नवी तारीख बारा दिवसांनंतरची होती. म्हणजे सहा दिवस, तीन हजार किलोमीटर, एक नोंदवहीचं पान, आणि हाती काय, तर काहीच नाही. सर कुणाशी न बोलता घरी गेले.

दारातच सायली नाचत होती. “आजोबा! तुमचा फोटो! समद्या वर्गाला दाखवला मी! बाईंनी पाठीमागं चिटकवला बी!”

तिने शाळेत छापून घेतलेला कागद पुढे केला. निळं आकाश, उंच रॉकेट, आणि खाली डोळे वटारलेले सर, जणू रॉकेट त्यांनीच रागावून उडवलं होतं. याच फोटोसाठी ते गेले होते. सरांना हसावं का रडावं कळेना.

“तुमी खरंच गेलतात तर,” सायली हळूच म्हणाली. “मला वाटायचं, तुमी नुसतं सांगता.”

इतकी वर्षं एकाही पोराने तोंडावर म्हटलं नव्हतं ते हिने म्हटलं होतं.

“आत कसं हाय आजोबा? तुमी ज्याला हात लावला ते?”

सरांनी तोंड उघडलं. वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. सोमनाथला तो कागद गिळताना कसं झालं असेल, ते त्यांना तेव्हा कळलं.

“आत गेलोच न्हाई बाळा. आजवर कदीच गेलो न्हाई. हात बी लावला न्हाई. खोटं सांगत होतो मी.”

सायलीने फोटोकडे बघितलं, मग आजोबांकडे. “मंग महिनाअखेरी वर्गात काय सांगनार?”

सर उठले. चपलाही न घालता ते तरातरा मोहनरावांच्या दाराकडे निघाले. त्यांच्या बायकोने, भामाबाईंनी, दोन वेळा हाक मारली, पण त्यांनी मागं बघितलं नाही.

मोहनराव ओसरीवर सहाही जणांना घेऊन बसले होते. सरांना बघून ते अदबीने उठले. “या सर. तुमचीच याद काढली. बारा दिवस हायेत. ह्या टायमाला गोव्याला जावं म्हन्तो.”

“थुंबा,” सर म्हणाले.

“आता तितं कावून? समद्या गावाला ठावं झालंय!”

“मी तेरावा आहे मोहनराव. विजयसिंह तयारच बसलेत. त्यांच्या गाडीत एसी हाय.”

मोहनराव खाली बसले. मग ते म्हणाले, “बरं. थुंबा. उद्याच निघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बस चौसाळ्याच्या फाट्यावर उभी होती. सहाही संचालक, मोहनराव आणि सोमनाथ चढायला आले, तर बसच्या पायरीवर सुग्रीव सर ताट घेऊन उभे. ताटात भंडारा होता आणि भामाबाईंनी तोडून दिलेली बेलाची ताजी पानं होती.

“उचला,” सर म्हणाले.

“सर, तुमी?” रामचा आ वासला.

“उचल म्हटलं ना! म्हण माझ्यामागं. रजिस्टरात माझं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि मोबाईल नंबर मी माझ्या हाताने, वाचता येईल अशा अक्षरात लिहीन.”

आठही जणांनी बेल उचलला आणि शाळेतल्या पोरांसारखं एका सुरात म्हटलं. सोमनाथचा हात खाली येतोय हे बघून सरांनी तो वरच धरून ठेवला. “तुला एक ओळ जास्त. आणि कुठलाही सरकारी कागद खाणार नाही.”

“खानार न्हाई,” सोमनाथ म्हणाला.

भामाबाई पोचवायला आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. “आवो, तुमी तर बेलभंडारा मानत न्हाई ना?”

“मी कुठं मानतो?” सर गरजले. “पण हे मानत्यात ना!”

मोहनराव पायरीवर घुटमळले. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “सर, समदं तुमच्या मनासारखं झालं. मंग मत आमालाच ना?”

सरांनी पिशवीतून बिस्किटांचा रिकामा डबा काढून मोहनरावांपुढे धरला.

“मोबाईल टाका,” ते म्हणाले.